देणाऱ्याच्या हातातील किल्ली

दाम मोजले, पावती घेतली, वस्तू घरी आणली, की ती आपली झाली, असा आपणा सर्वांचा समज असतो. आणि बहुतेक वस्तूंच्या बाबतीत तो खराही ठरतो. जुन्या बाजारातून आणलेला तांब्याचा हंडा पहिल्याच दिवशी आपल्या न्हाणीघरात निमूटपणे पाणी तापवू लागतो. त्याच्या काठावर आधीच्या घरातील कोणाचे नाव कोरलेले असले, तरी पाणी तापवण्यापूर्वी तो त्या माणसाची परवानगी मागत नाही. जुनी सायकल, जुने कपाट, भिंतीवरचे जुने घड्याळ, ही सारी मंडळी नव्या धन्याच्या घरी चार दिवसांत रुळतात. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत एक अशी वस्तू आली आहे, की जी पुरते पैसे मोजून घेतल्यावरही, एखादे महत्त्वाचे काम सांगताच, "आधी माझ्या धन्याला विचारा," असे उत्तर देते. ती वस्तू म्हणजे वापरलेला संगणक.

ज्यांच्या अनुभवात ही गोष्ट नसेल त्यांच्यासाठी थोडे खुलासेवार सांगतो. एका संगणकावर अनेक माणसांची खाती असू शकतात, आणि त्या खात्यांच्या दोन पायऱ्या असतात. एक साधे खाते. त्यात बसून पत्र लिहावे, हिशेब मांडावा, चित्रे पाहावीत. दुसरे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे आपल्या भाषेत कारभाऱ्याचे खाते. नवा प्रोग्रॅम बसवणे, दुसऱ्याचे खाते उघडणे वा बंद करणे, कोणी काय करावे आणि काय करू नये याची मर्यादा घालणे, हे सारे अधिकार त्या कारभाऱ्याचे. ही विभागणी बरीच जुनी आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स या प्रणालीचे काम सुरू झाले. तिच्यातील सर्वाधिकारी वापरकर्त्याला 'रूट', म्हणजे मूळ, असे नाव मिळाले आणि त्याचा क्रमांक शून्य ठरला. आज आपल्याकडे घरोघरी जी विंडोज दिसते तिचे घराणे १९९३ सालच्या 'विंडोज एनटी'पासून चालत आले आहे. तिच्यातही हा कारभारी आरंभापासून ठाण मांडून आहे.

आता असे होते, की संगणक हाती येतो, पण त्यातील कारभारी मात्र जुनाच राहतो. मोठ्या शहरांतील कचेऱ्या काही वर्षांनी आपले जुने लॅपटॉप काढून टाकतात. ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून पुसूनपासून विकले जातात, आणि तेथून कोकणातल्या एखाद्या गावी, बारावी झालेल्या मुलीच्या अभ्यासासाठी येऊन पोहोचतात. मुलगी संगणक सुरू करते. पडद्यावर कोणा अनोळखी गृहस्थांचे नाव झळकते. विकणाऱ्याने तिच्यासाठी एक साधे खाते उघडून दिलेले असते, त्यात तिचे बरेचसे काम भागते. पण कॉलेजने सांगितलेला एखादा प्रोग्रॅम बसवावा म्हटले, की तोच अनोळखी गृहस्थ दारात आडवा उभा राहून पासवर्ड मागतो.

राजापूरकडच्या एका खेड्यातून शिकण्यासाठी रत्नागिरीत राहिलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी अशाच पेचात सापडली होती. वडिलांनी आंब्याच्या हंगामातील मजुरीतून बाजूला ठेवलेल्या पैशांतून तिला हा लॅपटॉप घेऊन दिला होता. ती मला म्हणाली, "सर, पावतीवर नाव माझ्या बाबांचं आहे. मग हा आत बसलाय तो कोण?" आणि जरा वेळाने, आवाज खाली आणून तिने विचारले, "हा माणूस असेल ना हो अजून?" तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तरुण अर्ध्या तासात देईल. "फॉरमॅट मारून देतो," म्हणेल. दुसऱ्या प्रश्नाने मात्र हा विषय यंत्राच्या पलीकडे नेला. मालकी कशाला म्हणावे? वस्तू पूर्णपणे आपली केव्हा होते? आणि आपल्या वस्तूत राहून गेलेल्या दुसऱ्या माणसाशी आपण कसे वागावे? दिवाळीच्या दिवसांत, जेव्हा घरोघरी जुने काढून नवे मांडण्याची लगबग चालते, तेव्हा या प्रश्नांचा विचार करणे अगदीच अप्रस्तुत होणार नाही.

बळीप्रतिपदेची कथा आपण सारेच जाणतो. बळीराजा वामनाला तीन पावले भूमी देण्यास उभा राहिला. दान पुरे व्हावयाचे तर हातावर पाणी सोडावे लागते. पण दैत्यगुरू शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन झारीच्या तोटीत जाऊन बसले आणि पाणी अडले. दाता राजी, घेणारा समोर उभा, शब्द दिलेला. आणि तरीही दान होईना, कारण मधल्या अरुंद वाटेत एक तिसराच जण बसला होता. 'झारीतील शुक्राचार्य' हा शब्द मराठीत यावरूनच रूढ झाला. विकत घेतलेल्या संगणकात राहिलेले जुने कारभाऱ्याचे खाते पाहिले, की मला हा शुक्राचार्य आठवतो. व्यवहार झाला, पैसे पोहोचले, वस्तू हाती आली. पण पाणी काही हातावर पडलेले नाही.

नाव, ताबा आणि सत्ता या तीन गोष्टी आपण एकच समजतो, आणि सगळा घोटाळा तेथे होतो. आम्हां रत्नागिरीकरांना खरे तर हा घोटाळा होऊ नये, कारण आमच्या गावात त्याचे मोठे उदाहरण उभे आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. १९१० साली त्याच्यासाठी खाडीच्या बाजूला तोंड करून एक प्रशस्त राजवाडा बांधून झाला. त्या वाड्याला लोक तेव्हापासून आजतागायत थिबा पॅलेस म्हणतात. राहणारा थिबा, नाव थिबाचे, दिवाणखाना थिबाचा. पण त्याने कोठे जावे, किती खर्च करावा, हे ठरवणार सरकार. १९१६ साली तो येथेच वारला. आजच्या संगणकाच्या भाषेत बोलायचे तर स्वतःच्या राजवाड्यात तो साधा वापरकर्ता होता, आणि कारभाऱ्याचे खाते दुसऱ्याच्या हाती होते. नाव आणि ताबा असूनही सत्ता नसली, म्हणजे राजवाड्याचादेखील तुरुंग कसा होतो, हे पाहण्यासाठी आम्हांला परगावी जावे लागत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही कोकणातच आहे. आमच्या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या खोती होती. जमीन कसणारे कूळ एक, आणि सरकार व कूळ यांच्यामध्ये बसून वसुली करणारा खोत दुसरा. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातले, मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोती निर्मूलनाचा कायदा झाला तो १९४९ साली. त्यापाठोपाठ कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा दिवस 'कृषकदिन' ठरवला, आणि कसणारा कायद्याने जमिनीचा खरेदीदार मानला गेला. पण कायद्याने मालक ठरणे आणि उताऱ्यावर मालक दिसणे, यांत पुष्कळ अंतर असते. किंमत ठरायची, ती भरायची, कलम '३२ म'चे प्रमाणपत्र घ्यायचे, आणि मग त्याचा फेरफार करून सातबाऱ्यावरचे नाव बदलून घ्यायचे. ज्यांनी ही शेवटची पायरी चढण्याचा कंटाळा केला, त्यांच्या नातवंडांना पुढे कर्ज काढताना किंवा वाटणी करताना जुनेच नाव समोर आलेले दिसले. शेत यांचे, घाम यांचा, भात यांचे. आणि कागदात शुक्राचार्य!

म्हणून आपल्या जुन्या शास्त्रकारांनी स्वत्व, म्हणजे मालकी, कशाने उत्पन्न होते याचा फार बारकाईने विचार केला होता. मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने प्रश्न असा घेतला, की मालकी शास्त्राने कळते की लोकव्यवहाराने? आणि उत्तर दिले, की लोकव्यवहाराने. कारण ज्यांना शास्त्राची गंधवार्ताही नाही अशी माणसेदेखील घेतात, विकतात, आणि माझे-तुझे ओळखतात. दानाविषयीची शास्त्रकारांची कल्पना तर आजही विचार करण्यासारखी आहे. आमच्याच जिल्ह्यात जन्मलेल्या भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात तिचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. दानाचे दोन भाग: देणाऱ्याने आपली मालकी सोडणे, आणि घेणाऱ्याची मालकी निर्माण होणे. पहिला भाग पुरा झाल्यावाचून दुसरा पुरा होत नाही. 'इदं न मम', हे माझे नाही, असे म्हणून पाणी सोडायचे ते यासाठीच. 'हे तुझे' असे म्हणणे सोपे आहे. 'हे माझे नाही' म्हणणे अवघड आहे, आणि खरे दान त्या नकारातच आहे.

विक्रीलाही हाच न्याय लागू आहे. आपल्या देशात १९३० सालापासून मालविक्रीचा कायदा आहे. विक्रेत्याजवळ जेवढा हक्क असेल त्यापेक्षा जास्त हक्क तो दुसऱ्याला देऊ शकत नाही, असे तो सांगतो. त्याचबरोबर, वेगळे काही ठरले नसेल तर घेणाऱ्याला वस्तूचा निर्वेध उपभोग मिळेल, आणि त्याला न सांगितलेला दुसऱ्या कोणाचा बोजा वस्तूवर नसेल, ही हमी त्या विक्रीत गृहीतच धरलेली असते. सामान्य माणसाच्या भाषेत याचा अर्थ असा, की विकलेल्या घराची एक किल्ली आपल्या कनवटीला ठेवून जाणे बरे नव्हे. मग ती किल्ली वापरण्याचा हेतू असो वा नसो.

पण संगणकाच्या बाबतीत अनेक माणसे नेमके हेच करतात. हेतू वाईट नसतो. विकताना ते वरवरचे फोटो पुसतात, पडद्याची काच फडक्याने स्वच्छ करतात, चार्जर गुंडाळून देतात. आपण मात्र आतच राहतो, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. आणि हल्लीच्या काही यंत्रांत तर आपण राहतो ते इतके खोल, की नुसते पुसून भागत नाही. अ‍ॅपल कंपनीच्या फोनमध्ये २०१३ सालापासून असे कुलूप आहे, की फोन सारा पुसून नव्याने मांडला तरी तो पहिल्या धन्याच्या खात्याचा पासवर्ड मागतो. मोठ्या कचेऱ्यांचे विंडोजचे लॅपटॉपही असेच दूरच्या दप्तरात नोंदवून ठेवता येतात. आतले सर्व पुसून नवी विंडोज बसवली, तरी यंत्र इंटरनेटला जोडताच ते जुन्या कचेरीचे नाव सांगते आणि तिच्या नोकराचा पासवर्ड विचारते. तेथे घेणाऱ्याच्या हाती काहीच नसते. त्या दप्तरातून यंत्राची नोंद काढून टाकणे हे देणाऱ्याचेच काम. 'इदं न मम' हे शब्द त्याच्याच तोंडून निघाले पाहिजेत. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला ते म्हणता येत नाहीत. तेव्हा यंदाच्या दिवाळीत ज्यांना आपला जुना संगणक भाच्याला, शेजाऱ्याला किंवा एखाद्या शाळेला द्यावयाचा असेल, त्यांनी आपली कागदपत्रे आणि छायाचित्रे काढून घ्यावीत, आपली खाती बंद करावीत, यंत्राची जुनी नोंद रद्द करावी, आणि ते कोरे करून द्यावे. एवढे केले म्हणजे ते दान झाले. एरवी ती नुसती अडगळ दुसऱ्याच्या घरी नेऊन टाकली असे होते.

येथवर आपण शुक्राचार्यांना दोष दिला. पण त्यांचीही एक बाजू आहे, आणि न्याय करावयाचा तर ती ऐकली पाहिजे. शुक्राचार्य झारीत बसले ते काही खोडसाळपणाने नव्हे. बळी त्यांचा शिष्य होता. तो फसवला जात आहे असे त्यांना दिसत होते, आणि त्याला वाचवण्यासाठी ते अरुंद तोटीत शिरले. संगणकावरचे कुलूपही मुळात अशाच प्रेमाने घातलेले असते. फोन किंवा लॅपटॉप चोरीला गेला, तर चोराला तो निरुपयोगी व्हावा म्हणून ते आहे. आज प्रामाणिक घेणाऱ्याला जे खाते नकोसे वाटते, तेच उद्या त्याचा लॅपटॉप एसटीत राहिला तर त्याची अब्रू राखणार आहे. तेव्हा कुलूप वाईट असे सरसकट म्हणता येणार नाही. कुलूप कोणाच्या विरुद्ध लागले आहे, एवढेच पाहावे लागते.

ते कसे पाहावे? माझ्या मते त्याची कसोटी साधी आहे. जुन्या धन्याला उजळ माथ्याने विचारता येईल का? ज्याने पावती घेऊन, चारचौघांत, योग्य भावाने वस्तू घेतली आहे, त्याला विकणाऱ्याकडे परत जाऊन, "साहेब, आपले खाते आत राहिले आहे, तेवढे काढून द्या," असे म्हणताना काही वाटणार नाही. ज्याला असे विचारण्याचीच भीती वाटते, त्याने कुलूप कसे तोडावे याचा विचार करण्याआधी वस्तू आपल्याकडे कशी आली याचा विचार करावा. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानेही, मालकाच्या किंवा संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीवाचून त्यात शिरणे हा अपराध मानला आहे. सातबाऱ्यावरचा फेरफारसुद्धा एकट्याच्या इच्छेने होत नाही. तलाठी नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. ज्याचे नाव काढावयाचे त्याला आधी कळवावे, एवढा शिष्टाचार जर सरकारी दप्तर पाळते, तर तो आपण का पाळू नये?

विचारून परवानगी मिळाली, किंवा खरेदी चोख असूनही जुन्या धन्याचा थांगच लागला नाही, तर पुढे काय? येथे या प्रश्नातील सर्वांत नाजूक भाग येतो. सत्ता काढून घेणे ही एक गोष्ट, आणि आतला ऐवज उघडून पाहणे ही दुसरी. त्या खात्याच्या आत नुसती सत्ता नसते. त्यात त्या माणसाची पत्रे असतात, मुलांचे फोटो असतात, डॉक्टरांचे कागद असतात, न पाठवलेला एखादा राजीनामा असतो. "मी पैसे मोजले आहेत, आतले सारे माझे," असे म्हणणारी माणसे भेटतात. त्यांना मी विचारतो, रद्दीतून घेतलेल्या पुस्तकात कोणाचे खाजगी पत्र निघाले, तर पुस्तक तुमचे झाले हे कबूल. पण ते पत्रही तुम्हांला लिहिलेले झाले का?

आपल्या स्मृतिकारांनी या प्रसंगाला जवळपास लागू पडेल असा एक शब्द घडवून ठेवला आहे: उपनिधी. पेटीत बंद करून, आत काय आहे हे न सांगता दुसऱ्याच्या हाती दिलेली ठेव. याज्ञवल्क्यस्मृतीत उपनिधीचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तिचा नियम असा, की ती जशी मिळाली तशीच परत करावी. विकलेल्या संगणकात चुकून राहिलेली कागदपत्रे ही माझ्या मते उपनिधीच आहे. देणाऱ्याने ती जाणूनबुजून ठेवली नाही, हे खरे. पण न उघडण्याचे आपले कर्तव्य त्यामुळे कमी न होता उलट वाढते. ज्याने विश्वासाने ठेव ठेवली त्याने निदान माणूस पारखून ठेवली. याने तर आपल्याला पाहिलेलेही नाही.

मी कादंबऱ्या लिहितो. दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावण्याची हौस हा माझ्या धंद्याचा भागच आहे. अनोळखी माणसाचे दहा वर्षांचे आयुष्य एका पासवर्डाआड बंद पडले आहे, ही कल्पना माझ्यासारख्याला भूल घालील यात नवल नाही. परंतु कादंबरीकाराने माणसे कल्पनेने उघडावीत, किल्लीने नव्हे. कल्पनेने उघडलेल्या माणसाची अब्रू आपण आपल्या पदरची घालून राखतो. चोरून उघडलेल्या माणसाला ती संधीच मिळत नाही.

या दृष्टीने पाहिले, म्हणजे दुकानातला तरुण ज्याला 'फॉरमॅट मारणे' म्हणतो, ती वरकरणी धसमुसळी वाटणारी गोष्टच अधिक सभ्य ठरते. जुन्या धन्याचा पासवर्ड युक्तीने फोडून आत शिरले तर आपण त्याच्या माजघरात उभे राहतो. सारे पुसून विंडोज नव्याने मांडली तर त्याचे काहीही आपल्या दृष्टीस पडत नाही. आणि आपलेही भले त्यातच असते, कारण नुसते एक खाते काढल्याने जुन्या यंत्रात बसलेला नको तो प्रोग्रॅम जातोच असे नाही. मात्र पुसलेले परत येत नाही, म्हणून त्याआधी विचारण्याचे कर्तव्य दुप्पट. ज्याचा थांग लागू शकतो त्याला एक फोन करावा. कदाचित त्यात कोणाच्या आईचा शेवटचा फोटो असेल. त्या फोनला खर्च फारसा नाही, आणि त्यावाचून केलेल्या पुसण्याला प्रायश्चित्त नाही.

ज्यांच्या संगणकावर घरच्याच माणसाचे जुने खाते राहिले आहे, त्यांना सारे पुसण्याची गरज नसते. त्यांनी क्रम मात्र सांभाळावा. आधी आपले स्वतःचे खाते कारभाऱ्याच्या पायरीवर आणावे. त्यातून आत जाऊन सर्व ठीक चालते ना, ते पाहावे. जुन्या खात्यातील कागद आणि फोटो दुसरीकडे उतरवून घ्यावेत. मगच सेटिंग्जमधील अकाउंट्सच्या पानावर जाऊन ते नाव काढावे. कारण ते काढताना त्याचे सारे कागद त्याच्याबरोबर जातात. विंडोजचा एक नियम मला फार आवडतो. ज्या खात्यात आपण बसलो आहोत तेच खाते आपल्याला काढता येत नाही, आणि शेवटचा उरलेला कारभारी ती सहजी काढू देत नाही. आधी दुसरा कारभारी नेमा, मग पहिल्याला निरोप द्या. सत्ता पुसली जात नसते, ती हात बदलते, हे राजकारणातले जुने सत्य त्या यंत्रालाही ठाऊक आहे.

आणि म्हणूनच खरा प्रश्न जुन्या धन्याला काढल्यावर सुरू होतो. आता कारभारी आपण! कालपर्यंत ज्या अडवणुकीचा आपल्याला राग येत होता, ती करण्याची ताकद आज आपल्या हाती आली. जाणकार सांगतात, की संगणक स्वतःचा असला तरी रोजच्या कामासाठी साधेच खाते वापरावे, आणि कारभाऱ्याचे खाते लागेल तेव्हाच उघडावे. कारण कारभाऱ्याच्या गादीवर बसून कोणी भलतेच टपाल उघडले, तर त्यातून आलेल्या चोरालाही कारभाऱ्याचेच अधिकार मिळतात. हा सल्ला यंत्रापुरता आहे असे मला वाटत नाही. घराचा मालकसुद्धा दिवसाचे चोवीस तास मालकपणात बसला, तर घर बिघडते.

आपल्या घरांत अशा किल्ल्या किती आहेत, हे एकदा मोजून पाहावे. संसार सुनेच्या हाती दिला असे चारचौघांत सांगणाऱ्या सासूबाई, आणि त्यांच्या कमरेला लोंबणारा किल्ल्यांचा जुडगा. धंदा मुलाच्या नावे करून देऊन रोज सकाळी गल्ल्यावर येऊन बसणारे वडील. निवृत्तीचा हार गळ्यात घालून घेतल्यावरही शिक्षकांच्या खोलीत आपली खुर्ची रिकामी राहिली पाहिजे असे वाटणारे आमच्याच व्यवसायातले ज्येष्ठ. यांतले कोणीही दुष्ट नाही. सारे शुक्राचार्यच आहेत. प्रेमाने तोटीत बसलेले. आपण उठलो तर पाणी वाया जाईल, ही भीती त्यांना उठू देत नाही. पण पाणी अडून राहिले तर पुढच्या पिढीचा हात कोरडाच राहतो, आणि शेवटी कोणीतरी दर्भाची काडी घेऊन तोटीत खुपसतो. कथेत शुक्राचार्यांचा एक डोळा गेला. घरांत नाती जातात. वेळेवर उठून बाहेर येण्यात दोघांचेही डोळे शाबूत राहतात.

मुलांना संगणक घेऊन देणाऱ्या आईबापांपुढेही हाच प्रश्न आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या यंत्राचे कारभारीपण आपल्या हाती ठेवणे हे कर्तव्य आहे. वीस वर्षांच्या मुलीच्या यंत्राचे ठेवणे ही पाळत आहे. या दोहोंमध्ये कोठेतरी तो दिवस येतो, ज्या दिवशी पाणी सोडावयाचे असते. तो दिवस कोणता, हे पंचांगात मिळत नाही. परंतु तो आला आहे हे मुलांच्या आधी आपल्याला कळावे, यातच वडीलपणाची खरी परीक्षा आहे.

काही कारभारी मात्र असे असतात, की ते कधीच जात नाहीत. विंडोजच्या पोटात जन्मतः एक कारभाऱ्याचे खाते असते. त्याच्या ओळखक्रमांकाच्या शेवटी नेहमी ५०० हा आकडा येतो. त्याचे नाव बदलता येते, ते निजवून ठेवता येते, पण काढून टाकता येत नाही. आम्हां कोकणातल्या माणसांना याचे आश्चर्य वाटू नये. खरेदीखत कोणाच्याही नावे असो, जागेला जागेवाला असतोच, असे आमची म्हातारी माणसे मानत आली. वर्षातून एकदा त्याला राखण देतात, गाऱ्हाणे घालतात, आणि बाकी वर्षभर आपापल्या कामाला लागतात. हे खरे मानायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण त्यामागचा विनय मोलाचा आहे. कागदावर आपण मालक असलो, तरी आपल्या आधी येथे कोणी होते आणि आपल्यानंतरही कोणी असेल, ही जाणीव जागेवाल्याच्या निमित्ताने वर्षाला एकदा तरी होते.

जुन्या धन्याविषयी आपण हाच भाव ठेवावा. सातबाऱ्यावरचे जुने नाव रद्द करताना पूर्वी ते खरवडून काढीत नसत; त्याला कंस करीत. कंस म्हणजे, या माणसाचा आता येथे अधिकार नाही. पण हा येथे होता. किती थोडक्यात आणि किती सभ्यपणे सांगितलेली गोष्ट! अधिकार संपवावा, आठवणीचा अवमान करू नये. संगणकातून एखाद्याचे नाव पुरते पुसावे लागले, तरी मनात त्याला असा कंस करता येतो. ज्याने हे यंत्र आधी जपून वापरले म्हणून ते आज एका गरीब घरातल्या मुलीला परवडले, त्याचे खाते बंद करताना तिने एवढे मनात म्हणावे: तुमचे काही मी पाहिले नाही, आणि तुमचे काही मी ठेवले नाही.

पाडव्याला व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतील. जुन्या वहीतील येणे-देणे नव्या वहीत पुढे ओढले जाईल. जुनी वही बासनात बांधून माळ्यावर जाईल. तिच्यात यापुढे कोणी एक अक्षर लिहिणार नाही, आणि तिची पाने कोणी पुड्या बांधायलाही देणार नाही. खाते बंद करण्याची ही रीत आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. जे आपण दुसऱ्याला देऊन टाकले आहे, त्याच्या किती किल्ल्या अजून आपल्या कनवटीला आहेत, याचा हिशेब त्याच दिवशी आपणही करून पाहावा. आणि ज्याची त्याला, पाणी सोडून, देऊन टाकावी.